चार बाटल्या, एक आजार

दर तीन महिन्यांनी मला लघवी तपासायला द्यावी लागते. खिडकीतून छोटी प्लास्टिकची बाटली मिळते, तिच्यावर माझं नाव चिकटवलेलं असतं. ते नाव मी नीट वाचतो आणि मग पुन्हा वाचतो. खिडकीतली बाई एकदा म्हणाली, "अहो, तुमचंच आहे. चुकत नाही आम्ही." मी हसलो. संडासात जाऊन कडी लावली, की दाराच्या वरच्या मोकळ्या जागेतून एक हात आत येतो. खरबरीत, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. हातात रिकामी बाटली असते. "समऱ्या, माझी पण भर."

बाहेर कोणी नसतं. कोणी नसणार हे मला माहीत असतं. तरी मी थोडा वेळ थांबतो.

हे लिखाण आजारी माणसांसाठी नाही. त्यांना सांगायला डॉक्टर आहेत. हे धडधाकट माणसांसाठी आहे. ज्यांचं काही दुखत नाही, जे रोज कामावर जातात आणि म्हणतात, काही झालं तर बघू. मीही तेच म्हणायचो. आणि त्याखेरीज मी आणखी एक गोष्ट करायचो. ती आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय माझा आजार कळणार नाही.

धरण

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होतो. वडील आयुष्यभर कामगार संघटनेत. आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. कागदाची होडी करायला शिकलो त्याच्या आधी पत्रकाची घडी घालायला शिकलो. वाचायला शिकलो तेही 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आपोआप मथळा तयार होतो. कारखान्यात लागलो तेव्हा मथळ्यांना तोटा नव्हता.

वर्षातून एकदा गेटजवळच्या शेडखाली आरोग्य तपासणी व्हायची. एक टेबल, वजनाचा काटा, बीपीचं मशीन आणि बाटल्यांचं खोकं. बीपीचा पट्टा दंडाला बांधायचे आणि लगेच सोडायचे, सगळ्यांचा आकडा सारखाच लिहिला जायचा. खरी तपासणी फक्त लघवीची. तिचा निकाल जायचा कंत्राटदाराकडे. आमच्या हाती यायचा एक कागद, त्यावर एकच शब्द, 'फिट'. ज्याच्या कागदावर तो शब्द नसेल, त्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी बंद.

मी लागलो त्याच वर्षी एका माणसाच्या लघवीत साखर निघाली. त्याला औषध मिळालं नाही, रस्ता मिळाला. मी पत्रक लिहिलं: 'तपासणी कामगाराच्या शरीराची, मग निकाल कंत्राटदाराचा का?' पत्रक गेटवर वाटलं. सुपरवायझरने एक प्रत घेतली, तिच्यावर समोसा ठेवून खाल्ला.

मग आम्ही दुसरा मार्ग काढला. मी पंचविशीचा, दारू नाही, तंबाखू नाही. ज्यांना भीती होती त्यांच्या बाटल्या मी भरायचो. संडासात जायच्या आधी तांब्याभर पाणी प्यायचो. दाराच्या वरून हात यायचे. लोक हसायचे. अंबरनाथ-बदलापूरला बारवी धरणाचं पाणी येतं, म्हणून माझं नाव पडलं 'बारवी'.

"काय बारवी, यंदा भरलंय का धरण?"

"फुल्ल आहे. दरवाजे उघडू का?"

"हळू उघड, पूर यायचा."

पहिला हात रघुकाकांचा असायचा. रघुकाका बुवापाड्यात राहायचे. मूळ गाव बारवीच्या बाजूला, तिथे थोडी भातशेती, पावसात आणि कापणीला ते सुट्टी टाकून जायचेच. कारखान्यात मला काम त्यांनी शिकवलं. पिंपाचं झाकण उघडताना तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, वारा कसा बघायचा. एकदा नळी फुटली तेव्हा माझी कॉलर धरून त्यांनी मला मागे ओढलं होतं. ते ओढणं माझ्या मानेला अजून आठवतं. अशा माणसाने बाटली पुढे केली तर कोण नाही म्हणेल? मला तर त्यात लढाई दिसत होती. कंत्राटदाराच्या हातात आमच्याविरुद्ध शस्त्र होतं आणि ते आम्ही बोथट करत होतो. असं चार वर्षं चाललं.

एकच चहा

चौथ्या वर्षी निकाल आला तेव्हा सुपरवायझरने शेडमध्ये चार नावं वाचली. माझं, रघुकाकांचं आणि आणखी दोघांचं. लघवीत प्रोटीन आणि रक्त. चौघांच्याही. तेवढंच.

"ये क्या है?" तो म्हणाला. "चारों को एकही बीमारी? एकही चाय पिया क्या?"

शेडमधली माणसं हसली. मग हसणं एकेक करून थांबलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी ते कुठे बघताहेत ते पाहिलं. रघुकाका माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "समऱ्या, तुला काय झायलंय रे?"

मला काही झालेलं नव्हतं. संध्याकाळी बूट काढताना मोज्याचा वण खोल उमटायचा, एवढंच. लघवीला फेस यायचा, तो मला पाण्याच्या जोराचा वाटायचा. डोकं दुखायचं, ते वासाने. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

चौघांचा निकाल सारखाच, म्हणून गेटपास लगेच बंद केले नाहीत; सांगितलं, बाहेरून पुन्हा तपासून रिपोर्ट आणा. बाकीच्या दोघांनी घाबरत घाबरत स्वतःची बाटली दिली. दोघेही चांगले निघाले. इतकी वर्षं ते उगाच भीत होते. रघुकाकांनी मला विचारलं नाही. त्यांनी दुसरं धरण शोधलं. कोणाचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा कागद पुन्हा 'फिट' आला.

मी तोवर टाळत होतो. त्यांचा कागद आला त्या दिवशी घरी जाताना कॅम्प पाचमधल्या औषधांच्या दुकानात थांबलो. दुकान एका सिंधी म्हाताऱ्यांचं आहे, सगळे त्यांना दादा म्हणतात. गल्लीतल्या कोणाचाही बीपी ते फुकट बघतात आणि वर खडीसाखर देतात. माझा बीपी पाहून त्यांनी पट्टा काढला, पुन्हा बांधला. मग स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला.

"मशीन ठीक आहे," ते म्हणाले. "बेटा, तुझा बीपी माझ्यापेक्षा बुढ्ढा आहे."

"उद्या दाखवतो."

"उद्या नाही. अभी जा." त्यांनी काउंटरची फळी उचलली आणि रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर आले.

तिने विचारलेला प्रश्न

सरकारी रुग्णालयातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. आम्ही दोघं त्या खळग्याकडे बघत होतो. तो भरून यायला खूप वेळ लागला.

"किडनीला सूज दिसतेय," ती म्हणाली. "कशामुळे ते तपासावं लागेल. पण तुम्ही लवकर सापडलात. तुमच्या वयाची मुलं अशी येतच नाहीत, येतात तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही कसे आलात तपासायला?"

मी खरं ते सांगितलं. बाटल्या, दरवाजा, बारवी, सगळं. ती आधी हसली. तोंडावर हात ठेवून हसली. मग हात तसाच राहिला आणि हसणं गेलं.

"म्हणजे त्या तिघांची लघवी इतकी वर्षं कोणी तपासलीच नाही?"

'किडनी' हा शब्द ऐकून मला जेवढी भीती वाटली नाही तेवढी या प्रश्नाने वाटली. दोघांचं आता कळलं होतं. राहिले रघुकाका. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, की ते दर तासाला नळावर जातात. भाकरी खाताना घास सोडून उठतात आणि संडासाकडे जातात. गमबुटात पायाचा अंगठा सोलला होता, ती जखम पावसाळ्यापासून तशीच होती. मला सगळं दिसत होतं आणि ते आधीही दिसत होतं. पण माझ्या डोक्यात त्यांच्या नावापुढे 'फिट' लिहिलेलं होतं. आणि तो शब्द माझ्याच शरीरातून आला होता.

वॉर्ड

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात किडनीचा तुकडा काढून तपासला. पालथं झोपवतात, श्वास धरायला सांगतात, पाठीत टक् असा आवाज होतो. त्यानंतर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. छताला एक पंखा होता, त्याचं एक पातं वाकलेलं. त्या पंख्याच्या आवाजात मला 'फिट-फिट-फिट' ऐकू यायला लागलं तेव्हा मला वाटलं, मी वेडा होणार.

आई शेजारी बसून असायची. तिने रडून घेतलं ते बाहेर जिन्यात, माझ्यासमोर नाही. समोर ती फक्त भांडायची. नर्सशी पलंगपोसासाठी, वॉर्डबॉयशी खुर्चीसाठी, माझ्याशी पाणी मोजून पिण्यासाठी. घरी तिने सगळ्यांचंच मीठ तोडलं. वडील अळणी आमटी एक शब्द न बोलता खायचे. गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "पोरा, आलास तेव्हा आजारी दिसत नव्हतास, आता दिसतोस. म्हणजे बरा होतोयस." त्या वॉर्डात मिळालेलं सगळ्यात खरं आश्वासन तेच.

एके दिवशी वडील खाटेशी बसले होते. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आरोग्य तपासणीची मागणी मी नेहमी शेवटी टाकायचो. पगार, बोनस, ओव्हरटाइम, कँटीन, आणि मग ती. कागद संपला की पहिली तीच उडायची."

त्यांनी माझ्या पायावरची चादर सारखी केली. माझ्या पायाला त्यांनी हात लावल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

शहाळं

रघुकाका भेटायला आले ते शहाळं घेऊन. नर्स ओरडली, "किडनीच्या पेशंटला शहाळं? घेऊन जा आधी!" ते ओशाळले, मग कोपऱ्यात उभं राहून स्वतःच प्यायले. घटाघटा. स्ट्रॉ बाजूला टाकून तोंडाला लावून. तहान लागलेली जनावरं जशी पितात तसं. मी बघत होतो.

"काका, तुम्ही तपासून घ्या. खरं. तुमच्या स्वतःच्या नावाने."

"माझा रिपोर्ट आलाय की चांगला."

"तो तुमचा नाही."

"कागदावर नाव माझंच हाय." ते हसले. "आणि दर वर्षी फिट हाय मी."

"काका, तो फिट मी होतो."

"आता तू पण नायस." हे बोलून त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अरे, आमची जुनी मशीन. उघडली की चार नट उरतात, परत बसत नाहीत. चालतेय तोवर चालू दे."

"कंत्राटदाराला नका सांगू. गुपचूप तपासा. मी येतो बरोबर."

"भात झोडून झालं की येतो. कापणी तोंडावर आलीय. एकदा भात घरात पडलं की तू म्हणशील तिथं येतो. बस?"

मी घरी आल्यावर, बरं चालता यायला लागल्यावर, कापणीची वाट न बघता बुवापाड्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, सुमनकाकींनी, चहा टाकला, माझ्यासाठी कपभरही नाही, अर्धाच, कारण आईने फोनवर बजावलं होतं. मी विषय काढला.

"काकी, काकांना एकदा डॉक्टरला दाखवायला हवं."

"का रं बाबा?" त्या म्हणाल्या. "यांचं तर सगळं चांगलं आलंय. मीच किती दिवस मागं लागले होते, पाय दाखवा, पाय दाखवा. मग कागद आला, मी म्हटलं चला, काळजी मिटली. हळद भरते रोज, बरी होईल जखम."

रघुकाका त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी. सांगू नकोस.

मी चहा प्यायलो. मी, जो गेटवर उभा राहून भोंग्यावर बोलतो, जो सुपरवायझरच्या तोंडावर पत्रक धरतो, तो मी तिथे गप्प बसलो. मला वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कोण? मला वाटलं, अजून महिनाभर. आज कोणी मला विचारलं की या सगळ्यात सगळ्यात जास्त काय छळतं, तर बाटल्या नाही. तो अर्धा कप चहा.

कापणी

कापणीच्या वेळी रघुकाका शेतात बसले ते उठले नाहीत. विळा हातात होता. आधी सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. जीपमधून बदलापूरला आणलं तोवर त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. साखर कित्येक वर्षांची होती. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अंगठा काढावा लागला, नंतर पाऊल. आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

डायलिसिसच्या खुर्चीशी मी बसायचो. नळ्यांतून त्यांचं रक्त बाहेर जायचं आणि धुऊन परत यायचं. माझीही किडनीच, माझाही तोच डॉक्टरांचा विभाग, तेच रिपोर्टांचे शब्द. फरक एवढाच, की माझ्या आजाराला कोणीतरी वेळेवर पाहिलं होतं. तेही आम्ही बाटल्या बदलल्या म्हणून. मी एकट्याने दिली असती, तर एका माणसाच्या निकालावर एवढा गोंधळ झाला नसता, कदाचित मीही दुसऱ्याची बाटली शोधली असती. त्यांच्या नावावरही माझाच आजार लागला, तेव्हा माझा आजार दिसला. याचा हिशेब मला लागत नाही. मी लावायचा प्रयत्न करतो आणि मध्येच उठून फिरायला जातो.

"समऱ्या," ते एकदा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "सुमनला सांगू नको. तिला वाटंल मी तिला फसवलं."

"काका, तुम्ही कंत्राटदाराला फसवलंत. आपण."

"कागद घरी कुणी नेला?" ते म्हणाले आणि डोळे मिटले.

पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले.

कोलीत

घरी वाद झाला. मी म्हटलं, मी हे सगळं लिहिणार, कारखान्याच्या नावाशिवाय का होईना, पण लिहिणार. आणि काकींना सांगणार. वडील उसळले. "कंत्राटदाराच्या हातात कोलीत देतोयस. उद्या तो म्हणेल, कामगारच चोर आहेत, तपासणीच बंद करतो. आणि त्या बाईला सांगून तुला काय मिळणार? तुझं मन हलकं होईल, तिचं जड होईल."

"बाबा, तपासणी होती कुठे? ती गाळणी होती. आजारी माणूस शोधायचा आणि बाहेर फेकायचा."

"मग तेवढंच लिही ना!"

"तेवढंच लिहिलं तर अर्धं खोटं होतं. फेकणारे ते, पण डोळे मिटले आपण."

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तिने स्वतःच विचारलं तर?"

वडील तिच्यासमोर बसून मेथी निवडू लागले. मीही.

काकींनी विचारलंच. बाराव्यानंतर मी बुवापाड्यात गेलो होतो. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "समर, तू शिकलेला हाय, तू सांग. दर वर्षी कागद चांगला यायचा. आदल्या वर्षी पण चांगला. मग असं एकदम कसं झालं? औषधात कुणी चूक केली का? मला रोज तेच डोक्यात येतं. कुणाची चूक झाली?"

मी सांगितलं. शेड, बाटल्या, दरवाजावरचा हात, शहाळं, अर्धा कप चहा, सगळं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

काकी रडल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू मी दुसऱ्या भाषेत बोललो होतो आणि त्या एकेक शब्द जुळवत होत्या.

"म्हणजे ते कागद तुझे होते," त्या म्हणाल्या.

"हो. शेवटचा सोडून सगळे."

"मी जखमेवर हळद भरत राहिले." त्यांनी हाताकडे पाहिलं. "दुसऱ्याची लघवी चांगली होती, म्हणून मी निवांत झोपले."

मी खाली बघितलं. त्यांनी मला जा असं म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही. मी उठलो, तेव्हा दारापर्यंत कोणी आलं नाही.

गेटवर

पुढच्या तपासणीच्या आधी आम्ही गेटवर जमलो. मी पत्रक लिहिलं, त्यात एकच मागणी होती, शेवटी टाकायला दुसरी मागणीच नव्हती: निकाल कामगाराच्या हातात, आणि निकालावरून कोणाचा गेटपास जाणार नाही, उपचार चालू राहतील आणि काम चालू राहील. वडिलांनी शुद्धलेखन तपासलं आणि गठ्ठा स्वतः उचलून आणला. कंत्राटदार तोंडी हो म्हणाला. लेखी अजून दिलेलं नाही. माझं नाव कंत्राटदाराच्या नंतरच्या कामगारयादीत नव्हतं, मी आता दुसरीकडे कामाला जातो. त्या तपासणीत काहींनी पहिल्यांदा स्वतःची बाटली दिली. काहींनी अजूनही दुसऱ्याची दिली. मला कळलं. मी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. ती भीती मला माहीत आहे.

पण तुम्हाला सांगतो, जे हे वाचताय त्यांना. कंपनीच्या टेबलाची वाट बघू नका. ते टेबल तुमच्यासाठी मांडलेलं नसतं. तिशी ओलांडली असेल, किंवा नसेलही, तर वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात जा. बीपी बघा, साखर बघा, लघवी द्या. बाईमाणसांनी छाती आणि गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यावं. तंबाखू खात असाल, मशेरी लावत असाल, तर तोंड उघडून दाखवा. दुखत नाही म्हणून जा, दुखायला लागल्यावर सगळेच जातात. आणि निकाल वाईट आला, तर तो लपवायची जागा शोधू नका. तो आजार तुमच्याकडे तसाही राहणारच आहे, फक्त एकटा राहील.

माझा आजार बरा झालेला नाही. तो थांबला आहे. गोळ्या चालू आहेत, चेहरा आता बराचसा माझा आहे, दादा दर महिन्याला बीपी बघतात आणि म्हणतात, "अब थोडा जवान हुआ."

रांग

गेल्या आठवड्यात सुमनकाकींचा फोन आला. वर्षभरात पहिला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"मला तपासायचंय. सगळं. कुठं जायचं ते मला माहीत नाय."

मी बुवापाड्यातून त्यांना रिक्षाने नेलं. वाटेत त्या बाहेर बघत होत्या. खिडकीवर मी त्यांचं नाव सांगितलं, वय सांगितलं. बाईंनी बाटली पुढे केली, मी घ्यायला हात उचलला, तेवढ्यात काकींनी ती घेतली. नावाची चिठ्ठी जवळ धरून अक्षर अक्षर लावत वाचली. "सुमन रघुनाथ," मोठ्याने. मग आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा नमुने द्यायची रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्यांच्या गुडघ्याला उभं राहणं झेपत नाही हे मला माहीत आहे. मी बाकड्यावरून उठलो. "काकी, तुम्ही बसा. द्या इकडे, मी रांगेत उभा राहतो."

त्यांनी बाटली पदराखाली घेतली.

"हात लावू नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. रस्ता ओलांडताना लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

आणि त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिलो. रांग पुढे सरकत होती, त्या सरकत होत्या. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी बाटली आत दिली आणि बाईंना विचारलं, "निकाल माझ्याच हातात देणार ना?"